नानीचा कांदा

४ मे

धप्प!

टेबलावर कांदा ठेवल्याचा आवाज. दुपारी डुलकी लागली आणि पुन्हा ऐकला. शेहेचाळीस वर्षं झाली, तरी तो आवाज जुना होत नाही.

धडगावच्या वरची आमची दोन खोल्यांची शाळा. चौथीचा वर्ग. मी फळ्यावर माझीच कविता लिहिली होती — पुस्तकातल्या संपल्या की पोरांवर माझ्या सोडायचो!

आधी अंकुर, मागून पान,
शेवटी फुलाला मिळे मान.

चाल लावून म्हणायला घेतली. मधेच नानी उभी राहिली. दहा वर्षांची, पाटीपेक्षा खिडकीकडे जास्त बघणारी.

"गुरुजी, आमच्या नाल्यात फूल पहिलं येतं. पान मागून."

"असं कधी असतं का? बस खाली."

दुसऱ्या दिवशी तिने जंगलातून कंद खणून आणला. धप्प! "तुम्हीच लावा. मग दिसेल."

आणि मी काय म्हणालो... नको. आज नको.

५ मे

लिहूनच टाकतो. "वा नानी! भाजीला कांदा आणलास? उद्या कोथिंबीर पण आण."

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी.

नानी परत शाळेत आली नाही. आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली म्हणाले. मीही तेच धरून बसलो. ऊसतोडीमुळे गेली. दुसरं काही नाही.

७ मे

आज थोडक्यात वाचलो. म्हणजे तो वाचला.

मुलगा हेमकांत अंगणात फरशी बसवून घेतोय. तळोद्यात आता सगळ्यांनाच माती नकोशी झालीय. फरशीच्या माणसांनी माझा कंद — नानीचाच तो — उपटून बाजूला टाकला आणि सूनबाईने — रंजिताने — उचलून थेट कांद्यांच्या टोपलीत! मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर विळीवर तोच. पात्यात बोटभर शिरलेला.

ओरडलोच. "कापू नको! विषारी असतो तो!"

"आबा, कांदाच तर शे ना!" बिचारी घाबरून उभी.

अगदी माझंच वाक्य. तिला काय बोलणार?

हेमकांत म्हणाला, "एका कांदाकरता येवढा जीव जाळी ऱ्हायनात तुम्ही!" तेलाचा जुना डबा शोधला, माती भरली, कंद लावला. वर चीर स्पष्ट दिसते.

८ मे

झोप नीट नाही. जे कुणालाच सांगितलं नाही ते इथे लिहितो.

तो कंद मी त्या दिवशी हातपंपाजवळ भिरकावला होता. पुढच्या वैशाखात मुलांना सुट्टी, मी एकटाच दाखले लिहीत बसलो होतो. पाणी घ्यायला गेलो तर उघड्या जमिनीतून नुसता एक दांडा वर आलेला. वर पांढरी फुलं, पाकळीला गुलाबी रेघ. पान? एकही नाही!

तेव्हा नानीच्या पाड्यावर जायला हवं होतं. तासाभराची चढण. गेलो नाही.

आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी काय केलं? फळ्यावर पुन्हा तीच कविता लिहिली. निवृत्त होईपर्यंत — पंचवीस वर्षं! पान-मान यमक इतकं छान बसलं होतं. मोडवेना. दर वैशाखात फूल बघायचो, दर जूनला खोटं शिकवायचो.

निरोपाच्या दिवशी नारळ-शाल घेतली आणि कंद खणून पिशवीत टाकला. चोरासारखा.

१० मे

चिरेशेजारून दांड्याचं टोक निघालंय! विळी खाऊनही!

स्टँडवर गेलो. रामसिंग धडगावची जीप चालवतो, नानीच्याच पाड्याचा. ती आहे, म्हणाला. नानीबाई. दोन एकर, चार शेळ्या, नातवंडं. त्याच्याकडे चिठ्ठी दिली — "तुझं बरोबर होतं. फूलच आधी येतं. मी चुकलो, आणि चुकलो हे कळूनही गप्प बसलो. पाच-सहा दिवसांत उमलेल. बघायला ये. नाही आलीस तरी एवढं वाच."

घरी आल्यावर सुचलं — चौथीत शाळा सुटलेली बाई वाचणार कशी?

१३ मे

रामसिंग भेटला. नुसता हसतोय.

"वाचून दाखवली ना गुरुजी, मीच. ती बाजाराला माझ्याच जीपमध्ये होती. मोठ्याने वाचली, मागच्यांना पण ऐकू गेली."

"मग?"

"सगळी जीप हसली!"

हसू दे. माझी पाळी होती.

"आणि नानीबाई?"

"ती नाही हसली. म्हणाली, कोण, ते कांदेवाले गुरुजी? एका फुलासाठी एवढा घाट कोण उतरेल? मला शेळ्या आहेत."

बरोबर आहे. मी तेव्हा तासभर चढलो नाही. तिने का उतरावं?

१५ मे

संध्याकाळी उमललं. पाच फुलं. अंगणभर वास. रंजिता शेजारी येऊन बसली, म्हणाली, "आबा, याले पानच नही!"

तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ती विळी धुवायला उठून गेली.

१६ मे

सकाळी रंजिता दारातून, "आबा, कोनी बाई उनी शे."

पांढरेफटक केस, पायाला घाटाची धूळ, काखेत पिशवी. माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ डब्यापाशी गेली, वाकली, दांड्याच्या बुडाशी बोट फिरवून पान शोधलं. नाही सापडलं. चिरेवर बोट थांबलं.

"हे काय?"

"सुनेने... कांदा समजून."

"तुमच्याच घरची शोभते."

मग ओट्यावर बसली. मी दारात तसाच.

"नातीला शिकवलीय मी तुमची कविता. नीट करून," नानी म्हणाली. "म्हणा माझ्या मागून —

आधी फूल, मागून पान,
कांद्याचा ठेवा जरा मान."

मी हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो. चालीसकट.