गालावरचं पीठ

लॉरेल फोर्क, केंटकी
शनिवार, दुपार

प्रिय व्हेस्टा,

तुझं पत्र मंगळवारी हाती आलं आणि उत्तर लिहायला मी आज बसते आहे, म्हणून चिडू नकोस. बाहेर ट्रकचं इंजिन धडधडतं आहे. ते थांबेपर्यंत माझं अक्षर काही सरळ येणार नाही, तेव्हा लावून वाच. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिते आहे. तुला त्याचं हसू येईल, येऊ दे. तू विचारलंस ते एवढंच, की येत्या गुरुवारी त्या गाण्याची तबकडी काढायची की नाही. 'ताई, तू नुसतं नको म्हण, मी गाणं चुलीत घालते आणि पुन्हा त्याचं नाव काढत नाही,' असं तू लिहिलंस. ते मी इतक्यांदा वाचलं की कागद घडीवर फाटायला आला आहे. नॅशविलमध्ये कुणाच्या बापाचं न ऐकणारी तू, आणि माझ्या एका शब्दासाठी थांबलीस. तो शब्द देतेच. पण इथे काय झालं ते आधी कळू दे, नाहीतर नुसत्या हो-नाहीने तुझं समाधान होणार नाही.

तू पहिल्यापासून अशीच. आपल्या चर्चच्या मंडळीत वाद्य चालत नाही. पाळकानं ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती लांबवत उचलायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तू पंधराव्या वर्षी बाबांची गिटार घेऊन चर्चच्या पायरीवर बसलीस. पाळक बंधू टॅकेट बाहेर आले आणि म्हणाले, 'पोरी, देवाला तारा आवडत नाहीत.' तर तू म्हणालीस, 'मग दाविदाच्या हातात वीणा काय उंदीर हाकायला होती?' आईनं तुला घरी आणून चांगली बदडली, आणि मग परसात जाऊन एप्रन तोंडाशी धरून हसली. ते हसणं मी खिडकीतून पाहिलं. मी शाळा पुरी केली, सांगितलं तिथे लग्न केलं, घराचा हिशेब कधी चुकू दिला नाही, प्रार्थना चुकवली नाही. पण आईला तसं हसवणं मला कधी जमलं नाही.

त्या संध्याकाळी तुला रेडिओवर ऐकायला खोऱ्यातली माणसं आमच्या ओसरीवर जमली होती. शेजारच्या ओपलनं वाळल्या सफरचंदांचा थराथरांचा केक आणला होता. एस्टिल तर माझ्यापेक्षा मिरवत होता. 'माझी मेहुणी आहे ती,' असं दोनदा सांगून झालं होतं. तू कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या त्या पिठाच्या कंपनीचं गाणं म्हणणार म्हणून सगळे टाळ्या वाजवायला तयार, आणि तू भलतंच सुरू केलंस. नवऱ्याच्या हाताचा वळ झाकायला बाई गालाला पीठ लावते, आणि कुणी विचारलं तर सांगते, बिस्किटं करत होते. ओपल म्हणाली, 'अगं बाई, पिठाच्याच पैशानं हे?' तिचा नवरा विक मोठ्यांदा हसला, 'आता कंपनीचा खप वाढतोय बघा!' मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच विझलं. मी दारात उभी होते, कोपरापर्यंत पीठ. देवाशपथ, तेव्हा मी खरोखरच बिस्किटं करत होते. एस्टिल उठला आणि त्यानं रेडिओ बंद केला. म्हणून गाण्याचा शेवट मला तुझ्या पत्रातच कळला. रेडिओच्या त्या मॅनेजरला तू काय बोललीस तेही. 'माफी माग, नाहीतर हे दार बंद,' म्हणाला ना तो? आणि तू, 'दार तुमचं, गळा माझा.' हे वाचून मी चुलीपाशी एकटीच हसले, आईसारखी, एप्रन तोंडाशी धरून.

माणसं गेल्यावर मी ज्याची वाट पाहत होते ते झालंच नाही. एस्टिलनं लाकडं फोडून रचली, पायरीची सैल फळी ठोकली, जेवताना बीन्स चांगल्या झाल्यात म्हणाला. व्हेस, त्याच्या रागाची मला सवय आहे. त्या चांगुलपणाची नाही, रात्रभर जागी राहिले. मग कळलं, त्यानं बंधू टॅकेटांकडे तुझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे, त्याच्यासारख्या डीकनच्या, मंडळीच्या कारभाऱ्याच्या घराची बदनामी केली म्हणून. शनिवारच्या सभेत तुझं नाव मंडळीतून काढायचं. तू इथून निघून गेलीस तरी नाव काढलं नव्हतं कुणी. ते गेलं की प्रभुभोजन नाही, आणि एकमेकांचे पाय धुण्याच्या रविवारी तुझ्यापुढे घंगाळ घेऊन कुणी बसणार नाही. दर जूनला तू बस बदलत बदलत येतेस ती त्यासाठीच ना? माझे पाय हातात घेऊन म्हणतेस, 'ताई, टाचांना काही लाव गं.' पण सभेला एकमत लागतं, एकही माणूस वेगळं पडून चालत नाही. आणि बदनामी झाली की नाही, हे घरच्या बाईनं सांगायचं. एस्टिलनं मला जवळ बसवून समजावलं. 'एक वाक्य बोलायचंय. म्हणायचं, हे आमच्या घरचं नाही. तुझ्या बहिणीला काय कमी आहे? तिला नॅशविल आहे. तुला मी आहे.'

त्याची आई र्‍होडा तुला आठवते, ओढ्यापलीकडे एकटी राहते ती. तुझ्या गिटारीवरून सगळ्यांत जास्त बोटं मोडली होती तिनंच. ती न्याहारीला आली होती. एस्टिल तक्रारीचं सांगत होता, ती गोड ज्वारीच्या काकवीत बिस्किट बुडवत ऐकत होती. मग म्हणाली, 'गाण्यात नाव कुणाचंच नाही म्हणे. मग अख्ख्या केंटकीत तुलाच का रे झोंबलं?' तो ताटावरून उठला. मी म्हातारीकडे पाहिलं, तर ती काकवी पुसून घेण्यात गुंग. गुरुवारी मी एस्टिलला सांगितलं की देवाच्या घरात मला खोटं बोलता येणार नाही. त्याचं उत्तर त्यानं दिलं.

आज सकाळी डोक्याला रुमाल बांधून चर्चला गेले, गालावर पुढे ओढून. बाया डाव्या बाजूला, पुरुष उजव्या, तुला माहीतच आहे. कुणी विचारल्याशिवाय आपण बायांनी बोलायचं नाही, तेही. बंधू टॅकेटांनी तक्रार वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'भगिनी डेल्फा, हे गाणं धादांत खोटं आहे, असंच ना?' बघ, उत्तर त्यांनी स्वतःच देऊन ठेवलं होतं, मी फक्त मान हलवायची होती. एस्टिल पहिल्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता, त्याचा अंगठा टोपीच्या कडेवरून फिरत होता. मी उठले. बाकांमधून वाट काढली. खिडकीपाशी गेले, जिथे ऊन होतं, आणि रुमाल सोडला. आज मी पीठ लावलं नव्हतं, व्हेस.

गालावरचा वळ सगळ्यांना दिसला. आपल्यात ज्याला पटलं त्यानं पुढे येऊन हात द्यायचा, बाकी बोलून काय उपयोग. मी तिथे उभी आणि माझा हात रिकामा. वाटलं, आता संपलं. मग मागे काठी वाजली. र्‍होडा होती. सावकाश चालत आली, तिच्या पोटच्या पोरासमोरून. माझा हात धरला आणि बंधू टॅकेटांना म्हणाली, 'ह्याच्या बापाच्या वेळी मला कुणी विचारलं असतं, तर मीही उजेडात आले असते.' टॅकेट म्हणाले, 'भगिनी र्‍होडा, खाली बसा.' ती म्हणाली, 'बसते की. मेल्यावर भरपूर बसायचंय.' मग ओपल आली. तिच्यामागून आणखी काही जणी आल्या, काही जागच्या हलल्या नाहीत, आणि पुरुषांच्या बाजूनं एकटा विक. निकाल म्हणशील तर काहीच नाही, तक्रार पुढच्या महिन्यावर ढकलली. पण तुझं नाव अजून आहे. प्रार्थनेवाचून सभा उठली, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदाच झालं.

बाहेर एस्टिल ट्रकचं दार उघडून उभा होता. 'चल घरी,' एवढंच म्हणाला. मी गेले नाही. हे पत्र मी र्‍होडाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. ट्रक तिच्या कुंपणाशी उभा आहे, इंजिन अजून चालूच आहे. ती ओसरीत शेंगा सोलत बसली आहे आणि मधूनच त्याला ओरडून सांगते, 'जाळ बाबा पेट्रोल, तुझंच आहे.' तो उतरून आत येईल की नाही, ठाऊक नाही. पुढे काय, तेही ठाऊक नाही. ओपल मागच्या दारानं येऊन हा कागद टपालात टाकायला नेणार आहे, म्हणून आवरतं घेते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. काढ ती तबकडी, आणि कुणी आवाज कमी करायला सांगितलं तर ऐकू नकोस. फक्त शेवटचं कडवं चुकलंय. त्यात ती बाई पुन्हा पीठ मळायला घेते आणि खिडकीतून त्याची वाट बघते. तू लिहिलंस तेव्हा ते खरं होतं. आता बदल. आज सकाळी मळलेलं पीठ मी तिकडे घरच्या टेबलावर उघडंच टाकून आले. वाया गेलं असेल एव्हाना सगळं, आणि मला त्याचं जरासुद्धा काही वाटलेलं नाही.

जूनमध्ये टाचांना काही न लावता तुझी वाट पाहणारी, तुझीच,
डेल्फा