दार फिरवणारी माणसं

६ जानेवारी
सकाळच्या एसटीनं नाशिकहून कळवण, पुढे रिक्षा. सखूबाईंच्या शेतातलं टेकाड. तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव याच्या पोटात. खोदायला महिनाअखेरपर्यंतच मुदत. मग बाईंचे धाकटे दीर, प्रकाशभाऊ, टेकाड सपाट करून कांदाचाळ बांधणार. जमीन सामाईक.

९ जानेवारी
वरचं घर पूर्ण मोकळं झालं. चोपलेली जमीन, चूल, दार उत्तरेला, गिरणा नदीकडे. त्याखाली हातभर गाळ. एक खापरी नाही त्यात. पुरानं गाव संपलं, वरची घरं नंतर आलेल्या परक्यांची, असं मी प्रबंधात लिहिलंय. गाळ बघून खूश झाले. उगाच कशाला नाकारू.

१४ जानेवारी
संक्रांत. बाईंनी खड्ड्यातच तिळगूळ दिला. गाळाखाली जुनं घर लागलं. पण दार दक्षिणेला! तिकडे तर नुसतं शेत. मोठ्यानं म्हटलं तसं बाई म्हणाल्या, "ताई, पह्यले नदी तठेच व्हती. मना सासरा सांगे."
तिकडच्याच शेतातल्या विहिरीवर घेऊन गेल्या. खोदताना निघालेल्या गोट्यांचा ढीग अजून काठावर. गोल, गुळगुळीत. नदीचेच. सासरे शाळेत गेलेले नव्हते. विहीर खोदता खोदता त्यांना जे कळलं ते मला वीस वर्षांत कळलं नाही.

१७ जानेवारी
दोन्ही घरांतली खापरं शेजारी मांडली. लाल मडक्यावर तीच काळी नागमोडी रेघ. चूल तशीच, दाराच्या डाव्या हाताला. परके वगैरे कोणी नाहीत. तीच माणसं. पुरात नदी दक्षिणेकडून उत्तरेला सरकली. ही माणसं परत आली, त्याच जागी भिंती घातल्या, दार तेवढं नव्या पाण्याकडे फिरवलं.
खड्ड्यात बसूनच राहिले. काय माणसं.

१८ जानेवारी
सरांना फोन. माझे मार्गदर्शक, आता ऐंशीचे.
"म्हणजे तुमचं तिसरं प्रकरण गेलं."
"हो सर."
"जाऊ द्या. दुसरं कोणी खोडायच्या आत तुम्हीच खोडा."

२४ जानेवारी
नाशिक. लेख सुरू केला. पहिलं वाक्य : माझं चुकलं होतं. अनिल, माझा नवरा, चहा ठेवता ठेवता वाचून म्हणाला, "एवढं सरळ?" दुसरं कसं लिहितात ते सुचेना. लेखात बाईंच्या सासऱ्यांचं नाव घालायचंय, त्यांना विचारून.

२९ जानेवारी
परत टेकाडावर. प्रकाशभाऊ आले. बाईंनी सुचवलं, चाळ खालच्या अंगाला बांधू. ते म्हणाले, तिथं पावसाळ्यात पाणी भरतं, कांदा सडेल. खोटं नाही ते. ट्रॅक्टरही सोमवारचा सांगून ठेवलाय.
मग चपला काढून खड्ड्यात उतरले. जुन्या दारात उभे राहून दक्षिणेकडे बघत होते. मी नदीचं सांगितलं.
"यास्नी गाव सोडं नही," एवढंच म्हणाले.
"नाही सोडलं."
वर आले. मी ताडपत्री ओढायला लागले तर हातानंच थांबवलं. "राहू द्या. सकाय मायले दखाडसू." उद्या आईला आणणार आहेत बघायला.
चाळीचं काय ते आता सोमवारीच कळेल. ताडपत्रीची घडी घालून ठेवली.