बाहुल्यांच्या पेटीतलं बिऱ्हाड

आई,

तुझी बाहुल्यांची पेटी मी घुबडांना दिली. आधी हे सांगून टाकते, मग हवं तेवढं रागाव. नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर मांडायच्या तुझ्या बाहुल्या वर्षभर त्या फणसाच्या लाकडाच्या पेटीत निजायच्या. आता त्या तुझ्याच जुन्या साडीत गुंडाळून माझ्या कपाटात आहेत, आणि एकीचीही मान मोडलेली नाही.

घुबडाचं नाव काढलेलं तुला खपायचं नाही. तिन्हीसांजेची वेळ, तू रसमला फोडणी देते आहेस, बाहेर ते चिरकतं आणि मी खिडकीशी धावते. "बोट दाखवूं नकोस तेला, कण्णा!" म्हणत तू माझा हात खाली ओढतेस, चिमूटभर मीठ माझ्यावरून उतरवतेस आणि चुलीत टाकतेस. मीठ तडतडलं की तुझा जीव भांड्यात पडायचा. मला मात्र तो पांढरा, बदामासारखा चेहरा फार आवडायचा.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी मोठं वादळ आलं आणि ओरत्तनाडूच्या आपल्या शेतावरचे माड आडवे झाले. ज्या जुन्या ताडाच्या ढोलीत घुबडं राहायची, तोही गेला. बिचारी जोडी भर उन्हात पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसायची आणि कावळे त्यांना टोचून हैराण करायचे. इकडे भातात उंदीर माजले. शेजारच्या शेतकऱ्याने बांधावर टाकायला विष आणलं. विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला की घुबडही मरतं. शाळेत जीवशास्त्र शिकवते, एवढं मला ठाऊक होतं. मी त्याच्या हातापाया पडले, एवढं एक पीक थांबा म्हटलं. तो थांबला, पण त्या पिकाच्या आत घुबडांना घर मिळायला हवं होतं. तेव्हा मला तुझी पेटी आठवली.

अक्का, तुझी थोरली लेक, भडकलीच. "आईची पेटी, तीहि त्या अवलक्षणीला?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी तयार झाली ती एका अटीवर. नवं घर म्हटल्यावर दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचा मुखवटा टांगायचा, तो इथेही हवा. मी सुताराकडून पेटीला भोक पाडून घेतलं, ती गोठ्याच्या आढ्याखाली बसवली आणि अक्काने वर तो मुखवटा बांधला. वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा, लोंबती जीभ! घुबडं रोज संध्याकाळी यायची, एक घिरटी घालायची आणि टाकीकडे परतायची. मी लाकडाला वास येतो का, भोक लहान पडलं का, असले विचार करत बसले. अंगणात उभी राहून बघता बघता एके दिवशी अक्काच म्हणाली, "अगे, तेंच भितंय की!" जन्मभर घुबडाला भ्यालेली आपली अक्का पदर खोचून शिडीवर चढली आणि मुखवटा काढून खाली आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, माझ्याही.

त्याच आठवड्यात जोडी आत गेली. आता पेटीतून पिलांचं फुसफुसणं ऐकू येतं, कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा आवाज. खाली उंदरांची हाडं पडतात, ती अक्का कुरकुरत झाडते. शेजाऱ्याने विषाची पुडी फोडलीच नाही. परवा येऊन विचारत होता, आमच्या गोठ्यालाही अशी पेटी करून मिळेल का. मला इतका आनंद झाला की त्याला मी कॉफी पाजल्याशिवाय सोडलं नाही.

या तमिळ मुलखात देवनागरी तू मला एकटीलाच शिकवलीस. घरात ती वाचणारं आता दुसरं कुणी नाही, तेव्हा हे पत्र टेबलावर उघडं पडलं तरी बिघडत नाही. म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते, अक्कालाही सांगितलेली नाही. काल संध्याकाळी पिलं पहिल्यांदा पेटीच्या तोंडाशी येऊन बसली, तिघं ओळीनं, कोलूवर मांडल्यासारखी. मी आत गेले, चिमूटभर मीठ आणलं, त्यांच्यावरून उतरवलं आणि गॅसच्या जाळावर टाकलं.

चांगलंच तडतडलं, आई.