दोन्ही हातांचं काम

शनिवार, १ फेब्रुवारी

आजपासून शनिवारचा वर्ग. वाचनालयाची मागची खोली, पाच मुलं (त्यात एक चष्मेवाली आणि एक जुळी जोडी) आणि मी. विषय: अडचण बघून तिच्यावर उपाय म्हणून वस्तू कशी बनवायची. आधी विचारा. मग सुचवा, आखा, बनवा, तपासा, सुधारा. सहा पायऱ्या. यावरचं पुस्तक तीनदा वाचलंय, तेव्हा कॉलेजात गेले नाही म्हणून काही अडणार नाही.

शिकवणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहावं, असं पुस्तकात म्हटलंय. सोपं आहे.

ग्रंथपालबाईंनी अडचण दिली. लोक भिंतीतल्या फटीतून पुस्तकं परत टाकतात, ती खालच्या पेटीत आपटतात, कोपरे दुमडतात. महिनाअखेर जमलं नाही तर या खोलीत जुनी वर्तमानपत्रं रचणार, म्हणाल्या. मी म्हटलं, महिना कशाला, दोन शनिवार पुरेत.

वर्ग मुलांसाठीच आहे. घरी शनिवार ह्यांच्या सुट्टीचा असायचा, दिवसभर ठाकठोक चालायची. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता शांत असतं. शांतता मला आवडते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मुलांनी पुठ्ठ्याची घसरगुंडी केली. पुस्तक फटीतून येऊन तिच्यावरून सरकत पेटीत उतरावं, अशी कल्पना. मी कात्री दोनदाच हातात घेतली. तिसऱ्यांदा मुलं पाणी प्यायला गेली होती, ते धरत नाही.

रद्दीतली दहा पुस्तकं टाकली. सातांचे कोपरे गेले. मी म्हटलं, आखतानाच नीट डोकं चालवलं असतं तर ही वेळ आली नसती. चष्मेवाली म्हणाली, आजी, बिघडल्याशिवाय कळणार कसं कुठे बिघडतंय ते? आणि वहीत लिहून मोकळी. जुळ्यांनी घसरगुंडीवर जुनी चादर ताणली. पुन्हा दहा पुस्तकं. दोनच कोपरे गेले. मुलं अशी ओरडली की ग्रंथपालबाई दारात आल्या.

घसरगुंडी घरी आणली आहे. सुरक्षित राहावी म्हणून, बाकी काही नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुरक्षित आहे. तळाशी जरा उघडीबोडकी वाटते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दुपारी

ह्यांची हत्यारांची पेटी उघडली. फक्त एका स्क्रूसाठी.

आत निम्मं भंगार. मोडक्या कड्या, अर्धवट कापलेल्या फळ्या, आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. 'जमलं नाही, लाकूड ओलं.' 'जमलं नाही, घाई केली.' तीस वर्षं मी ओरडत होते, एकदाच काय ते नीट करा हो! एका फळीवर: 'स्वयंपाकघरात उंच झाली. तिचा हात पोचत नाही. विचारायला हवं होतं.'

अक्षर पहिल्यापासून वाईटच.

पेटीत दोन दणकट स्प्रिंगाही मिळाल्या. घसरगुंडीच्या तळाशी बसवल्या, वर उशीतला फोम. ह्याला हात लावणं म्हणत नाहीत. ही सहावी पायरी. तपासायची गरज वाटली नाही, आखणी उत्तम होती.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ग्रंथपालबाईंना मीच बोलावलं. पहिलं पुस्तक म्हणून शब्दकोश टाकायचं मीच सुचवलं.

शब्दकोश सरकत खाली आला, स्प्रिंगांवर बसला, आणि पेटीतून उसळून ग्रंथपालबाईंच्या पायावर उतरला. त्याचे कोपरे शाबूत होते. हे मी लक्षात आणून दिलं, पण बाई एका पायावर उभ्या असल्याने त्यांचं लक्ष नव्हतं.

आणखी एक शनिवार, म्हणाल्या. शेवटचा.

जुळ्यांनी विचारलं, स्प्रिंग कोणी लावली? मी म्हटलं, आता कोणी लावली हा प्रश्नच नाही. चष्मेवालीने माझ्याकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. मग पाचही जण कोपऱ्यात डोकी एकत्र करून बसले. मी जवळ गेले की गप्प. आखणीची पायरी मनावर घेतलेली दिसते. शिकवणं फळाला येतंय.

या वेळी घसरगुंडी चष्मेवाली घरी घेऊन गेली. माझा भार हलका व्हावा म्हणून.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज सर्वांत जोखमीचं काम मुलांनी माझ्यावर सोपवलं. दोरी दोन्ही हातांनी ताणून, छातीच्या उंचीवर धरून उभं राहायचं. उतार तिच्यावरून मोजायचा होता. चष्मेवाली म्हणाली, आजी, हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही, आणि कृपा करून एक बोटही हलवू नका.

चाळीस मिनिटं उभी होते. जुळ्यांनी स्प्रिंगा काढल्या, फोम ठेवला, चादर दुहेरी केली. एकदा खिळा वाकडा जात होता, मी पुढे सरकले तर पाचही जण एका सुरात, आजी, दोरी! दोरीकडे नंतर कोणी पाहिलंसुद्धा नाही, इतका माझ्या हातावर विश्वास.

दहा पुस्तकं, दहाही धड. शब्दकोशसुद्धा. ग्रंथपालबाई लांब उभ्या होत्या, पण हसल्या. खोली आमची. वर्तमानपत्रं जिन्याखाली जाणार.

हे सगळं माझ्या दोरीमुळे, असं मी म्हणणार नाही. पाय कोमट पाण्यात सोडून बसले आहे. दुखत वगैरे नाहीत, सहज.

रविवार, २३ फेब्रुवारी

ग्रंथपालबाईंना द्यायला मुलांची वही स्वच्छ अक्षरात उतरवून काढायला घेतली. मधे एक पान, १५ तारखेचं. चष्मेवालीचं अक्षर.

अडचण: आजी हात लावतात.
सुचवलं: १) हात लावू नका असं सांगणे (ऐकणार नाहीत). २) खोलीबाहेर ठेवणे (वाईट वाटेल). ३) दोन्ही हातांना काम देणे.
बनवलं: दोरी.

खाली कालची तारीख.

तपासलं: चाळीस मिनिटं. यशस्वी.
सुधारणा: पुढच्या वेळी खुर्ची द्यावी. पाय दुखत होते, सांगितलं नाही. आपण विचारायला हवं होतं.

अक्षर वाईट आहे, असं लिहिणार होते. बरं आहे अक्षर.

आणि हो, दुखत होते.