तपासून सही केलेली फियाट

४ मार्च १९९०, सकाळी ७
निश्चय: ३१ तारखेला, रिटायर होण्याच्या दिवशी, कारखान्याच्या गेटमधून स्वतःच्या फियाटने घरी यायचं. मी चालवणार, शेजारी मंदाकिनी.

इथली पद्धत अशी की सेक्शनची मंडळी माणसाला हार घालून, ढोल वाजवत, जीपमधून क्वार्टरपर्यंत सोडतात. गेल्या वर्षी शांतारामला तसंच सोडलं. मुंजीतल्या बटूसारखा दिसत होता. मला जीप नको, असं माझ्या ज्युनियरला, उदयला, कालच सांगून टाकलं.

गाडी चौसष्ट सालची. चार वर्षं उभी आहे. दोष एकच, कार्ब्युरेटर झिजलाय. नवा उदयने दिल्लीहून आणून दिलाय. मेकॅनिकची गरज नाही. एकतीस वर्षं टर्बाइन तपासलेल्या माणसाला चार नट जड नाहीत. काम दोन तासांचं.

४ मार्च, संध्याकाळी ६
जुना कार्ब्युरेटर निघाला. एक नट हरवला, पण तो तसाही जुनाच होता.

कार्ब्युरेटर काढल्यावर इंजिनात हवा जायचं तोंड उघडं पडलं. आमच्या कारखान्यातला पहिला नियम: उघडं तोंड उघडं ठेवायचं नाही. दोरीवरून एक स्वच्छ, मऊ फडकं घेतलं आणि आत नीट कोंबलं. कार्डाचा टॅग लिहून दोऱ्याने फडक्याला बांधला. वाऱ्याने उडू नये म्हणून टॅगही आत सारला. आजकालची पोरं एवढा विचार करत नाहीत.

गास्केट नाही. काम पुढच्या शनिवारी.

७ मार्च
मंदाकिनी विचारते, चक्का बांधायचं मलमलीचं फडकं कुठे गेलं? तिच्या आईच्या वेळचं आहे म्हणे. पाडवा जवळ आलाय. मी काय सांगणार? ह्या घरात वस्तूंना ठरलेली जागा नाही, हे मी लग्नापासून सांगतोय.

१० मार्च
नवा कार्ब्युरेटर बसला! सोळा मुद्द्यांची चेकलिस्ट केली. प्रत्येक मुद्द्यापुढे दोन सह्या. काम करणारा: मी. तपासणारा: मी. दोघांचं सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं.

गाडी सुरू झाली. उभ्या उभ्या झकास चालते. अॅक्सिलरेटर दाबला की मरते. ही ट्यूनिंगची किरकोळ बाब.

१४ मार्च
हवेचा स्क्रू दीड आटा उघडला. मेली. पावणेदोन. मेली. दोन. मेली. अशी बावीस रीडिंग घेतली, ग्राफ काढला. ग्राफ फार सुंदर आलाय.

१८ मार्च, रविवार
मंदाकिनीने मला न विचारता रशीद मियाँना बोलावलं. करोंदच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. त्यांच्याकडे ना गेज, ना मीटर. डोळे मिटून इंजिन ऐकलं, कार्ब्युरेटरवर तळहात धरला आणि म्हणाले, "को खां, ये तो सांस ही नईं ले रई. उतार के नीचे देख लो एक बार."

सांस! हे काय निदान झालं? मी त्यांना शांतपणे सांगितलं की तपासून सही झालेली वस्तू पुन्हा उघडायची नसते, त्याला एक प्रोसीजर असते. चेकलिस्ट दाखवली. त्यांनी आधी चेकलिस्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चहा घेतला. जाताना म्हणाले, "आप तो बड़े अफ़सर हो, मियां." माझ्याबद्दल बराच आदर दिसला.

२२ मार्च
प्लग बदलले. पेट्रोल पंप बदलला. जेट दोनदा साफ केले. मरते. आता संशय पेट्रोलवर. भेसळ असणार.

२७ मार्च, पाडवा
चक्का माझ्या जुन्या धोतरात बांधला होता. श्रीखंडाला डांबराच्या गोळ्यांचा वास. वस्तू जागच्या जागी ठेवण्याचे फायदे ह्या विषयावर मी जेवताना थोडं बोललो. मंदाकिनीने दुसऱ्यांदा वाढलं नाही.

दुपारी तिने ट्रंकेतून पैठणी काढून वाऱ्यावर टाकली. एकतीस वर्षांत ती गेटच्या आत कधी आलेली नाही. निरोपाच्या दिवशी घरच्यांना बोलावतात, तेव्हाच काय ते. म्हणाली, "गाडी नाही चालली तरी चालेल. पण मला आधी सांगा, म्हणजे चपला कुठल्या घालायच्या ते ठरवते."

गाडी चालणारच, असं तिला वचन दिलं.

३० मार्च
उदय म्हणाला, जीप स्टँडबाय ठेवू का? मी जीप लेखी रद्द करायला लावली.

क्वार्टरपासून गेटपर्यंत उतार आहे. भल्या पहाटे गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि अलगद नेऊन उभी केली. ह्याला फसवणूक म्हणत नाहीत, प्लॅनिंग म्हणतात.

३१ मार्च, संध्याकाळी ८
उदय भाषणात म्हणाला, साहेबांनी पास केलेल्या मशीनमध्ये एकतीस वर्षांत एक चिंधी आत राहिली नाही. टाळ्या. माझे डोळे भरून आले.

गेटपाशी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मंदाकिनी पैठणी सावरत शेजारी बसली. ढोल वाजू लागला. मी अॅक्सिलरेटर दाबला. मेली. पाचदा मेली. ढोलवाला थांबला. कुणीतरी खूण केल्यावर पुन्हा वाजवू लागला.

सेक्शनच्या चाळीस माणसांनी दोन किलोमीटर गाडी ढकलली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, तेव्हा तसं पाहिलं तर गाडी मीच चालवली. चढ लागला तशी मंदाकिनी खाली उतरली आणि खिडकीवर हात ठेवून चालू लागली. तिच्या पायांकडे पाहिलं. चालायच्या साध्या चपला होत्या.

क्वार्टरपाशी रशीद मियाँ पाना घेऊन बसलेले. मंदाकिनीनेच सकाळी निरोप धाडला होता. मी प्रोसीजर म्हणायच्या आत चार नट निघाले. त्यांनी खालच्या तोंडात दोन बोटं घातली आणि ओढू लागले. काळीकुट्ट मलमल निघतच राहिली. शेवटी टॅग आला. उदयने तो उचलून सवयीने मोठ्याने वाचला: "कार्ब्युरेटर बसवण्याआधी काढणे. तपासणारा," आणि माझं नाव.

चाळीस माणसं टॅग बघायला पुढे सरकली. ढोलवालाही.

मंदाकिनी म्हणाली, "माझ्या आईचं फडकं." आणि हसायला लागली. पायरीवर बसून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग सगळेच हसले. थोडा मीही.

रशीद मियाँनी दहा मिनिटांत कार्ब्युरेटर बसवला, कानाने ट्यून केला. गाडी वाऱ्यासारखी. मी दार उघडलं, तेवढ्यात मंदाकिनी म्हणाली, "मियाँ, आप ही चलाओ." ती पुढे बसली. पूर्ण टाउनशिपला फेरी झाली. मी मागे, गळ्यात हार, मांडीवर फडकं.

निश्चय: उद्या फडकं स्वतः धुवायचं.

१ एप्रिल
फडकं तीनदा धुतलं. दोरीवर घालण्याआधी मंदाकिनीने ते उजेडात धरून तपासलं.

नापास.