तिसरा पीळ

प्रिय थेडाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे फोल्कर्टचा, मनापासून नमस्कार. नवा गुडघा कसा आहे? वाकतो का? वाकवताना दुखत असेल तर ते डॉक्टरांना सांगतेस, की नेहमीसारखी दात आवळून गप्प बसतेस? घाई मात्र करू नकोस हं. तिथल्या आरोग्यधामात माणसं महिना महिना राहतात आणि टवटवीत होऊन परततात म्हणे. (मला स्वतःला डोंगर आवडत नाहीत, त्यांच्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही, पण गुडघ्याला बरे असतील.) तिथे चहाच्या नावाखाली कागदाची पुडी पाण्यात बुडवून देतात हे वाचून जीव हळहळला. सोबत आपली चहापत्ती आणि खडीसाखर पाठवतो आहे. पाणी उकळतं मागून घे, कोमट दिलं तर सरळ परत पाठव. इकडे सगळं क्षेम आहे. आई बरी आहे, मी बरा आहे, आणि तुझा नवरा आहे.

फोनच केला असता, पण फोनवर तूच बोलतेस. शिवाय मला जे सांगायचं आहे ते ऐकून तू ताडकन उभी राहशील, आणि तुला ताडकन उभं राहायला मनाई आहे. म्हणून पत्र. पाय उशीवर ठेव आणि बसून वाच.

आधी आईचं सांगतो. ताई, राग मानू नकोस, पण तो थर्मास आणलास ते काही बरं केलं नाहीस. किटली एकदा गॅसवर राहिली, कोरडी पडली, जळली, सगळं मान्य. पण म्हणून जिने उभा जन्म आल्यागेल्याला चहा ओतला तिच्या हातून किटली काढून घ्यायची, कुठेतरी दडवून ठेवायची, आणि "आई, आता तू कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बसायचं" असं बजावून आगगाडीत बसून निघून जायचं? अगं, ती खरंच नुसती बसते! खिडकीजवळ, हात एप्रनमध्ये घालून, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी. परवा मला विचारते, "फोल्कर्ट, एवढे वाटाणे सोलू का रे, की तेही थेडाला विचारायचं?" मीही तिच्या शेजारी बसून वाटाणे सोलले, आणि निम्मे खाल्ले.

आता हाब्बोदाजींकडे वळतो. इथून पुढे माझी भाषा बिघडली तर ती मुद्दाम बिघडवली आहे असं समज. तर तुझ्या या नवऱ्याच्या डोक्यात आलं, की थेडा परत यायच्या आत तिच्या गाडीचं ऑइल बदलून ठेवावं, तेवढाच तिला सुखद धक्का. (धक्का बसेल, सुखाचं माहीत नाही.) दरवर्षी ते काम ओन्नो त्याच्या गॅरेजमध्ये करतो, निमूट करतो, आणि गाडी निमूट चालते. मग ज्या माणसाने सगळी हयात लोकांच्या न्हाणीघरात पाण्याचे पाइप जोडण्यात घालवली, त्याला गाडीखाली शिरायला सांगितलं होतं कुणी? पाइप लोखंडाचा असतो, त्याच्यावर बसून आवळला तरी तो बिचारा सोसतो. गाडीचा ऑइलचा चेंबर पडला ॲल्युमिनियमचा, अंगाने मऊ, त्याच्याशी सबुरीनेच वागावं लागतं. पण सबुरीचा आणि हाब्बोचा काय संबंध!

आणि जागा कुठली निवडली? तुझं अंगण! ज्या लाल विटांच्या फटीतलं गवत तू गुडघे टेकून बटाट्याच्या सुरीने काढतेस (तो गुडघा त्यापायीच गेला असं माझं ठाम मत आहे, पण मला कोण विचारतो), त्याच विटांवर याने एक खोका फाडून अंथरला, त्यावर तुझा जुना पडदा, आणि गाडी चढवली दोन लोखंडी घोड्यांवर. समोरच्या घरातला पडदा लगेच हलला. उघड्यावर ऑइल काढलेलं खपत नाही इथे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी म्हटलं, दाजी, कुणी तक्रार केली तर? तर मला म्हणतो, "तू आडवा उभा राहा, म्हणजे काही दिसणार नाही." माझ्या पोटावरून हा टोमणा होता, ताई. मी तो गिळला.

तळाचा बोल्ट काढला, जुनं काळं ऑइल घमेल्यात निथळत ठेवलं आणि आम्ही आत चहाला गेलो. थर्मासमधलाच. हाब्बोने थर्मासही तीनदा पुढे केला, कारण दोन पेल्यांवर उठणारा माणूस आपल्याकडे एक तर आजारी असतो नाही तर रुसलेला. तीन पेल्यांचा कायदा तो कायदा. मी तिसऱ्यानंतर पेल्यात चमचा ठेवला, म्हणजे आता पुरे; आईने पहिल्यातच ठेवला. मी पाहिलं, हाब्बोनेही पाहिलं.

मग आम्ही बाहेर आलो. हाब्बोने नवा तांब्याचा वायसर घालून बोल्ट बसवला आणि आवळला. कशाने आवळला विचार! पान्याच्या दांड्यावर त्याने चांगला लांबलचक पाइप चढवला होता, जोर मिळावा म्हणून. त्याचं टोक गाडीच्या बाहेर आलं होतं. मी म्हटलं, "अहो दाजी, बोल्ट आहे तो, समुद्राच्या बांधाचं दार नव्हे!" तर म्हणाला, "थेंब तो थेंब, फोल्कर्ट. तुला काय कळतंय त्यातलं?" मग मीही, केवळ खात्रीसाठी, एक पीळ दिला. नखभर. (नखभरच.) वरून नवं, मधासारखं ऑइल ओतलं, घमेलं उचलून बाजूला नेलं. यानंतर काय झालं त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. एवढंच लिहितो, की बोल्टाचे आटे गेले. चेंबरमधले सगळे आटे रुपेरी किसासारखे बोल्टाला गुंडाळून बाहेर आले, बोल्ट टण्णकन पडला, आणि ते सगळं नवं ऑइल ताई तुझ्या विटांवर, तुझ्या विटांच्या फटींत आणि माझ्या उजव्या जोड्यात गेलं. अति तिथे माती म्हणतात, इथे तीही दिसेनाशी झाली! मी ओरडलो, खूप ओरडलो. हाब्बो एक अक्षर बोलला नाही, आणि माझ्या मते हाच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा. आई बाहेर येऊन उभी होती, तिला त्याने हाताला धरून आत नेऊन बसवलं, म्हणे ऑइलवर घसरेल. एवढीच अक्कल आधी का नाही चालवली?

दुसऱ्या दिवशी तरी गप्प बसावं? छे! बोल्टाला पांढरी टेप गुंडाळली. गळलं. टेपवर ताग गुंडाळला, त्यावर ती पाइपांच्या सांध्यांना लावायची पेस्ट थापली. गळलं. शेवटी मनुकांच्या ब्रँडीच्या बाटलीचं बूच तासून ठोकलं. (ब्रँडी आधी रिकामी करावी लागली. त्यात माझा वाटा होता, लपवत नाही.) बूच सकाळपर्यंत टिकलं आणि मग चेंबरच्या आत गेलं. आत! आता ते काढायला चेंबर उतरवावा लागणार. मी म्हटलं, दाजी, आता हात जोडतो, काही करू नका. तर हा उंटावरचा शहाणा म्हणतो काय, की दोष चेंबरचा, आटे मुळातच नाजूक होते. नाचता येईना अंगण वाकडं! आणि अंगणावरून आठवलं. डाग साबणाने गेला नाही, सोड्याने गेला नाही, वाळूने नुसता पसरला. तेव्हा तुझ्या नवऱ्याने डागाळलेल्या विटा एकेक करून उपटल्या आणि उलट्या करून बसवल्या. वर स्वच्छ लाल अंगण, आणि मधोमध एक हिरवट, बुरसटलेला चौकोन. समोरचा पडदा आता हलतसुद्धा नाही, कायमचा बाजूला सारलेला आहे.

अखेर ओन्नोला बोलावलं. ओन्नोला तू ओळखतेस, तो बोलतो तेव्हा शब्द विकत आणल्यासारखा बोलतो. चेंबर उतरवला, बूच बाहेर काढलं, उन्हात धरून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, आधी चहा. आता ओन्नोला थर्मासमधला चहा द्यायचा? आपल्या घरात? होय, किटली काढली. कपडे धुवायच्या यंत्रामागे ठेवली होतीस, हाब्बोला ठाऊक होतं. त्याने ती आईच्या हातात दिली आणि स्वतः गॅसपाशी भिंतीला टेकून उभा राहिला, जणू सहजच. आईने चहा केला. खडीसाखर पेल्यात तडकली, साय वर ढगासारखी आली, ओन्नोने न ढवळता पहिला पेला संपवला आणि विचारलं, "कुणी आवळला?"

मी पेल्यात पाहायला लागलो. आई तोंड उघडणार तेवढ्यात हाब्बो म्हणाला, "मी."

"किती?"

"पुरेसा."

"पुरेशाच्या पुढे गेलास," ओन्नो म्हणाला. "घट्टच्या पुढचं स्टेशन, सुटलं." आणि पेला पुढे केला. बघितलंस? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, साक्षीदारांसमोर!

दुरुस्ती मात्र बघण्यासारखी झाली. ओन्नोने भोक मोठं केलं, आटे पाडायच्या हत्याराला ग्रीस फासलं म्हणजे किस त्यालाच चिकटून बाहेर येतो, आणि नवे, जाड आटे पाडले. त्यात स्प्रिंगसारखी एक पोलादी गुंडाळी फिरवत फिरवत बसवली. आता बोल्ट पोलादात बसतो, मऊ ॲल्युमिनियमशी त्याचा संबंधच नाही. चेंबर धुऊन परत चढवला. तुझ्या गुडघ्याचं केलं तेच, मूळच्यापेक्षा नवं पक्कं. बोल्ट त्याने माप दाखवणाऱ्या पान्याने आवळला, पान्याने टक् केलं, आणि तो थांबला. एका टक्‌वर थांबणारा माणूस आपल्या घराण्यात अजून जन्मायचा आहे.

असो. हाब्बोला काय बोलायचं ते तू आल्यावर बोल, मी तुझ्या बाजूने उभा राहीन. गुडघ्याला जप, औषधं वेळेवर घे, शेजारच्या पलंगावरच्या बाईंना आमचा नमस्कार सांग.

तुझा,
फोल्कर्ट

ता. क. तिथले डॉक्टर मुदत वाढवून देतात असं ऐकलं. एक आठवडा मागून बघ ना. गुडघ्यासाठी म्हणतो. शिवाय दोन-तीन चांगल्या सरी पडल्या, की उलट्या विटा आणि सुलट्या विटा सारख्याच दिसायला लागतील.

ता. क. दुसरा. हाब्बो पाकिटाला लावायचं तिकीट शोधायला आत गेला आहे, तेवढ्यात लिहितो. वरचं सगळं त्याने शेजारी बसून माझ्याकडून लिहून घेतलंय, ताई. मधे दोनदा म्हणाला, "अजून घाल शिव्या, नाहीतर थेडाला पटायचं नाही." उंटावरचा शहाणा त्याचाच. (बांधाचं दार मात्र मी खरंच म्हणालो.) मी त्याला शब्द दिला होता, पण चोर सोडून संन्याशाला फाशी माझ्याच्याने होत नाही, आणि इथे तर चोरही नाही. त्या दिवशी ऑइल ओतून झालं तेव्हा आई बाहेर आली. विचारलं, बोल्ट आवळला का? मी म्हटलं, दोनदा. "दोनदाच?" ती म्हणाली. "हे काय, दोनदा म्हणजे काय? तीन हा कायदा आहे." आणि आम्ही हं की चूं करायच्या आत तिने लाकडी जोडा त्या पाइपच्या टोकावर ठेवला आणि सगळा भार टाकला. पाइप लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. तीन तिगाडा, काम बिगाडा! पण तिला वाटलं, तो गेला म्हणजे बसला. गळलं ते आमच्यामुळे, असं तिने ठरवलं आहे, आणि आम्ही ठरवू दिलं. ओन्नोपुढे ती अभिमानाने सांगणार होती, "शेवटचा पीळ मी दिला." तेव्हापासून ती रोज चहानंतर, किटलीतल्या चहानंतर, बाहेर जाऊन गाडीखाली बघते आणि आत येऊन सांगते, "थेंब नाही." हात एप्रनमध्ये नसतात. ताई, तिला हे कधीही कळता कामा नये. तू आलीस की गाडीत बसण्याआधी म्हण, आई, चांगला आवळलास. एवढंच म्हण. आणि किटली लपवू नकोस. मुदतवाढीचं विसर, ठरल्याप्रमाणे शनिवारीच ये. विटा गेल्या उडत.

ता. क. तिसरा, कारण आई मागे येऊन उभी आहे (चष्मा आत राहिलाय, नशीब माझं) आणि दोन ता. क. पाहून तिचं समाधान होईना. ती लिहायला सांगते: थेडाचा नवा गुडघा त्या डॉक्टरांनी कितीदा आवळला ते विचार. दोनदाच आवळला असेल तर काळजी करू नकोस म्हणावं, घरी ये, मी आहे.