बंदरातला गाळ आणि माझा अहवाल

४ फेब्रुवारी, सकाळी ८
मासेमारी बंदराच्या कामांच्या ऑडिटला आलो. मुक्काम सहा दिवस. खात्यात माझ्याइतका कडक ऑडिटर नाही. दुसरं कोणी म्हणत नाही, म्हणून लिहून ठेवतो. संकल्प: कोणाचा चहा घ्यायचा नाही. सगळं डोळ्यांनी पाहायचं.

दुपारी १२
इंजिनिअरचा चहा घेतला. नाही म्हटलं असतं तर तो सावध झाला असता.

५ फेब्रुवारी
सर्वांत मोठं काम गाळ काढण्याचं. बंदराच्या तोंडाशी तीन मीटर खोली केल्याची नोंद. फाइल अप्रतिम. रंगीत आलेख, प्रत्येक भागाला वेगळं पान. अशी फाइल लावणारा माणूस खोटं बोलणार नाही.
बाहेर मासे विकणारी मावशी आडवी आली. नवऱ्याची होडी आहे. म्हणाली, साहेब, गाळ कुठला काढलाय? भरतीची वाट बघत होड्या बाहेर ताटकळतात, मासळी नासते. लोकांना राईचा पर्वत करायची सवयच. तरी उद्या पहाटे पाचला ओहोटी आहे. स्वतः खोली मोजणार.

६ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
उठलो. ओहोटी होऊन गेली म्हणे. समुद्र थांबत नाही, यात माझा काय दोष?
मग लिलावाच्या शेडवर अचानक धडकलो. चाळीस पंख्यांपैकी एक गायब! इंजिनिअरने रुमालात तोंड लपवलं. खांदे हलत होते. रडत असावा.

७ फेब्रुवारी
पंख्यावर साडेचार पानं लिहिली. बायकोचा फोन. पाण्यात उतरलात का, म्हणाली. ऑडिट कागदावर होतं, असं समजावलं. मग मासेही कागदावरच पकडू दे त्यांना, म्हणाली. तिला ऑफिसातलं कळत नाही.
मावशी आठ बायका घेऊन आली. तक्रार लेखी द्या म्हटलं. तीनदा दिलीय म्हणाली. शोधलं. तिन्ही फाइलीतच होत्या, तारीखवार लावलेल्या. इंजिनिअरबद्दल आदर वाढला.

८ फेब्रुवारी
अहवाल गेला. गाळाचं काम समाधानकारक. पंख्याबाबत गंभीर आक्षेप.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
निघायच्या आधी मावशी म्हणाली, एकदा आमच्या होडीतून फिरून तरी या. इंजिनिअर नको नको म्हणत होता. किती काळजी! गेलो.
बंदराच्या तोंडाशी होडी चिखलात बसली. तासभर हलेना. मावशीचा नवरा म्हणाला, उतरा साहेब. उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत.
तिथूनच हेडऑफिसला फोन लावला. मोठ्या साहेबांना म्हटलं, इथे पाणी गुडघ्याएवढं आहे. त्यांनी विचारलं, कुठल्या पानावर? अहवाल मंजूर झालाय. शेजारच्या बंदराचा गाळही याच इंजिनिअरकडे दिलाय.
बाहेर अकरा होड्या मासळी घेऊन उभ्या होत्या. मोजल्या. या दौऱ्यात मी स्वतः मोजलेलं पंख्यांनंतरचं एवढंच.
मावशीने चिखलात शिरून हाताला धरून काठावर आणलं. मग भरतीची वाट बघत बसली. मीही बसलो.